वाचन सप्ताहासाठी विस्मरणातली कादंबरी निवडताना

वाचन सप्ताहात जुनी, आता फारसे कोणी हात न लावणारी मराठी कादंबरी वाचायची असे ठरले की बहुतेकजण आधी नावांची यादी करायला बसतात. यादी झकास होते. मग सप्ताहाच्या आदल्या दिवशी कळते की पहिल्या पुस्तकाची प्रत जवळच्या वाचनालयात नाही. दुसऱ्याची आहे, पण संदर्भ विभागात, म्हणजे घरी मिळणार नाही. तिसऱ्याची स्कॅन प्रत मिळते, ती पान १६०वरून थेट १७७वर उडी मारते. शेवटी कपाटातले हाताला लागेल ते काढून वाचले जाते. म्हणून क्रम उलटा ठेवावा: आधी प्रत, मग दिवसांचा हिशोब, आणि आवडनिवड सगळ्यात शेवटी. या कामाला सप्ताहाच्या आधी तीन आठवडे तरी हवेत.

विस्मरणातली म्हणजे नेमकी कोणती?

जुनी कादंबरी आणि विस्मरणात गेलेली कादंबरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) जुनी आहे, पण तिच्यावर आजही बोलले जाते आणि ती दुकानात मिळते. 'बनगरवाडी'चेही तेच. एक साधी कसोटी लावा. वाचणाऱ्या पाच माणसांना विचारा. एकापेक्षा जास्त जणांनी पुस्तक वाचलेले निघाले तर ते या सप्ताहासाठी बाजूला ठेवा. नाव ऐकलेले असणे मोजायचे नाही, वाचलेले असणे मोजायचे.

विस्मरणाचेही प्रकार आहेत आणि प्रत्येकाची अडचण वेगळी. काही पुस्तके साहित्याच्या इतिहासात अडकून पडली आहेत: बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७), लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८), रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' (१८७१). नावे परीक्षेपुरती पाठ, पुस्तक उघडलेला माणूस मात्र विरळा. यातल्या 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' अद्भुतरम्य वळणाच्या आहेत: वियोग, संकटे, योगायोग आणि वर्णनांची लांबच लांब आरास. मनात वाचताना त्या जड जातात, मोठ्याने वाचल्या तर चालतात. दोघा-तिघांनी मिळून सप्ताह करायचा असेल तरच त्या घ्याव्यात. 'यमुनापर्यटन' त्या मानाने खूप सोपी. विधवांच्या हालांबद्दल लिहिणाऱ्याला सांगायचे काय ते पक्के ठाऊक आहे आणि तो ते साध्या भाषेत सांगतो. मात्र तिच्यातला धर्मोपदेश गृहीत धरूनच बसावे लागते.

दुसरा प्रकार एके काळी तडाखेबंद खपलेल्या आणि मग ओसरलेल्या पुस्तकांचा. नाथमाधवांची 'वीरधवल' आणि स्वराज्यमालेतल्या ऐतिहासिक कादंबऱ्या, ना. ह. आपट्यांची 'न पटणारी गोष्ट', मामा वरेरकरांची गिरणी कामगारांवरची 'धावता धोटा' (१९३३). ही वाचायला वेगवान असतात. प्रत मात्र हमखास खिळखिळी, कारण शेकडो हातांतून गेलेली.

तिसरा प्रकार, आणि एकट्याने करायच्या सप्ताहाला सगळ्यात सोयीचा, तो म्हणजे लेखक प्रसिद्ध पण कादंबरी अंधारात. बा. सी. मर्ढेकर म्हटले की कविता आठवतात. त्यांनी 'रात्रीचा दिवस' (१९४२), 'तांबडी माती' (१९४३) आणि 'पाणी' (१९४८) अशा तीन कादंबऱ्या लिहिल्या हे कित्येक चांगल्या वाचकांच्या गावीही नसते. कुसुमाग्रजांनी वि. वा. शिरवाडकर या नावाने 'वैष्णव' (१९४६) आणि 'जान्हवी' (१९५२) लिहिल्या. वसंत कानेटकर नाटकांकडे वळण्याआधी 'घर' (१९५०) आणि 'पंख' (१९५३) लिहून मोकळे झाले होते. ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकरांच्या 'परागंदा' (१९२६) आणि 'ब्राह्मणकन्या' (१९३०) याच रांगेत बसतात. हा प्रकार सोयीचा का? लेखकाच्या नावामुळे वाचनालयांनी पुस्तके रद्दीत काढलेली नसतात, आणि लेखकाची ओळख आधीच असल्याने पूर्वतयारीत दोन दिवस जात नाहीत.

चौथा प्रकार १९०० ते १९५० या काळातल्या लेखिकांचा. फडके-खांडेकरांच्या गजरात यांतल्या बऱ्याचजणी झाकल्या गेल्या. काशीबाई कानिटकरांची 'रंगराव' (१९०३) आणि 'पालखीचा गोंडा' (१९२८), विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' (१९३४) आणि 'बळी' (१९५०), गीता साने यांची 'निखळलेली हिरकणी' (१९३६). शोधायला जास्त खटपट पडते, पण यांतली धिटाई आजच्या कित्येक कादंबऱ्यांना जमत नाही. 'पालखीचा गोंडा'मध्ये बायकांच्या हाती कारभार असलेले संस्थान उभे राहते, तेही १९२८ साली.

प्रत शोधणे आणि तपासणे

चारही प्रकारांतून मिळून पाचच नावे काढा. दहा नकोत. या पाचांची प्रत शोधताना पहिला दरवाजा वाचनालयाचा. जुन्या पुस्तकांसाठी जुनेच वाचनालय लागते: नाशिकचे सार्वजनिक वाचनालय (१८४०), पुणे नगर वाचन मंदिर (१८४८), कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर (१८५०), ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८). तालुक्याच्या गावीही शंभरी ओलांडलेले वाचनालय पुष्कळदा असते, आणि तिथले जुने पुस्तक शहरातल्यापेक्षा कमी हाताळलेले निघते.

काउंटरवर 'हे पुस्तक आहे का' एवढेच विचारू नका. 'देवघेव विभागात आहे की संदर्भ विभागात' असे विचारा. संदर्भातले पुस्तक तिथेच बसून वाचावे लागते. मग वाचनालयाच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टी तुमच्या सप्ताहाच्या हिशोबात घ्यावी लागते, आणि नोकरी करणाऱ्याला ते सहसा झेपत नाही. पुस्तक नोंदीत आहे पण मांडणीवर नाही, असेही होते. तेव्हा दाखल क्रमांक लिहून घ्या आणि बांधणीला गेले आहे का, ते विचारा.

शोध दोन्ही नावांनी घ्या. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. एका वाचनालयात कार्ड 'शिरूरकर'खाली असते, दुसऱ्यात 'बेडेकर'खाली. नावच नक्की आठवत नसेल किंवा पहिल्या आवृत्तीचे साल हवे असेल तर शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडा. तिचा एक खंड १८०० ते १९३७ या काळाचा आहे, दुसरा १९३८ ते १९५०चा. मोठ्या वाचनालयाच्या संदर्भ विभागात ती असतेच. ती चाळताना वेळेचे भान मात्र ठेवा. एका नावासाठी उघडलेली सूची तासाभराने खाली ठेवली जाते.

पुस्तक हातात आले की तिथेच उभ्या उभ्या फॉर्म, म्हणजे एकत्र छापून, घडी घालून शिवलेले पानांचे गठ्ठे, तपासा. हे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते टाळल्याने सप्ताह फुकट जातो. जुनी पुस्तके बहुधा सोळा पानी फॉर्मांत छापलेली असतात. नीट पाहिले तर पान १७, ३३, ४९, ६५ अशा पानांच्या तळाशी बारीक अक्षरात फॉर्मचा आकडा दिसतो. शिवण सुटली की पान एकेकटे न जाता आख्खा फॉर्म गळतो, किंवा पुन्हा बांधताना मागेपुढे लागतो. म्हणून पान १६ नंतर १७, ३२ नंतर ३३, असे सांधे फक्त बघत जा. २४० पानांच्या पुस्तकात असे चौदाच सांधे येतात. सगळ्यात आधी शेवटचा फॉर्म पाहा. पुठ्ठा निखळला की पहिला मार पहिल्या आणि शेवटच्या फॉर्मला बसतो, आणि शेवट नसलेली कादंबरी हातात येण्यासारखे दुःख नाही. 'समाप्त' किंवा शेवटची नक्षी दिसली की निम्मी काळजी मिटली.

कागद पिवळा असणे ठीक. कोपरा हलकेच वाकवल्यावर तुकडा पडत असेल तर मात्र ते पुस्तक घरी नेऊ नका. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदातले आम्ल वर्षानुवर्षे त्यालाच खात असते, आणि असे पुस्तक सात दिवस रोज उघडमीट केल्यावर परत करण्याच्या लायकीचे राहत नाही. ठीकठाक पुस्तकही टेबलावर सपाट दाबून उघडू नये. दोन्ही बाजूंना उशी किंवा जाड वही ठेवून अर्धवट उघडे धरावे. थुंकी लावून पान उलटू नये, फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नये, खूण म्हणून पातळ कागदाची पट्टी ठेवावी.

दुसरा दरवाजा स्कॅन प्रतींचा. इंटरनेट अर्काइव्हवर भारतीय डिजिटल ग्रंथालय प्रकल्पात स्कॅन झालेली जुनी मराठी पुस्तके भरपूर आहेत. अडचण नावांची. बऱ्याच पुस्तकांची नावे रोमन लिपीत, मनाला येईल त्या स्पेलिंगने टाकलेली असतात. देवनागरीत सापडले नाही म्हणून सोडू नका. दीर्घ ई दोन प्रकारे, 'व' दोन प्रकारे, शेवटचा 'अ' घालून आणि गाळून, असे चार-पाच प्रयत्न करा. पुस्तकाच्या नावाऐवजी लेखकाच्या आडनावाने शोधले की जास्त सापडते. मराठी विकिस्रोतावर काही पुस्तके टंकित आणि तपासलेल्या रूपात आहेत. मोबाईलवर वाचायला ती कधीही बरी, कारण अक्षर मोठे करता येते.

स्कॅन प्रतही फॉर्मच्याच पद्धतीने तपासा, आणि वर आणखी दोन गोष्टी पाहा. एक, शिवणीकडची अक्षरे कापली गेली आहेत का. दुसरी, अनुस्वार टिकले आहेत का. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये बारीक टिंबे उडतात, आणि जुन्या मराठीत टिंब उडाले की अर्थच हलतो. त्याचे पुढे येतेच. पानांची आडवी जोडी एकाच चित्रात असलेली प्रत मोबाईलवर वाचवत नाही. तिला मोठा पडदा लागतो.

हक्कांबद्दल थोडक्यात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून पुढे ६० वर्षे हक्क राहतात. वामन मल्हार जोशी १९४३ साली गेले, मर्ढेकर १९५६ साली. त्यांची पुस्तके खुली आहेत. मालतीबाई बेडेकर २००१ साली गेल्या, तेव्हा त्यांचे हक्क २०६१च्या अखेरपर्यंत चालू. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांचे २०२९च्या अखेरपर्यंत. वाचनालयातून आणून वाचायला हा प्रश्नच येत नाही. सप्ताहातल्या इतरांना प्रत पाठवायची असेल तर येतो.

दिवसांचा हिशोब

'रोज तासभर वाचीन, आठवड्यात तीनशे पाने होतील' हा अंदाज जवळजवळ नेहमी फसतो, कारण तो आजच्या पुस्तकाच्या वेगावर काढलेला असतो. वेग निवडलेल्या पुस्तकावरच मोजा. पान ३० ते ४०च्या आसपास कुठेही सुरू करून घड्याळ लावून २० मिनिटे वाचा. समजा ९ पाने झाली. म्हणजे तासाला २७. सलग सात दिवस हा वेग टिकत नाही. जुनी भाषा, बारीक टाइप, मध्ये शब्दकोश बघणे यासाठी चौथाई कापा: तासाला २०. आता वेळ. रोज सव्वा तास म्हणजे सात दिवसांचा पावणेनऊ तास. पाहुणे, थकवा, लोडशेडिंग यांच्या नावाने पाचवा हिस्सा सोडला की सात तास उरतात. सात गुणिले वीस, १४० पाने. तुमची कादंबरी १४० पानांची हवी, ३००ची नाही. फार तर १६०.

पानांचा आकडाही फसवतो. लहान, क्राउन आकाराच्या जुन्या पुस्तकात पानावर शब्द कमी, मोठ्या, डेमी आकारात बरेच जास्त. दोन पुस्तकांत निवड करताना एका भरल्या पानावरच्या ओळी मोजा, पाच ओळींतले शब्द मोजून सरासरी काढा, गुणाकार करा. ३२ ओळी आणि ओळीला १० शब्द म्हणजे ३२०. २४ ओळी आणि ८ शब्द म्हणजे १९२. दुसऱ्या पुस्तकाची २०० पाने पहिल्याच्या १२० पानांइतकीच होतात.

एका दिवसाचा, म्हणजे चोवीस तासांचा उपक्रम असेल तर एकच जाड पुस्तक घेऊ नका. संध्याकाळनंतर जुन्या भाषेने डोळे जड होतातच. दोन बारकी पुस्तके, आणि दुसरे पहिल्यापेक्षा सोप्या भाषेतले, अशी जोडी लावा. संज्ञाप्रवाहाच्या, म्हणजे मनात विचार येतील तसे मांडण्याच्या वळणाने जाणारी 'रात्रीचा दिवस' सकाळी, संवादांवर चालणारे पुस्तक रात्री. उलटे केले तर मर्ढेकर नाहक बदनाम होतात.

पत्रांतून सांगितलेली कादंबरी तुटक वेळेत वाचायला उत्तम, कारण प्रत्येक पत्र हा आयता थांबा. वा. म. जोशींची 'इंदू काळे व सरला भोळे' (१९३४) अशीच पत्ररूप आहे. बस-लोकलमध्ये वाचणाऱ्याने तिचा विचार आधी करावा. संवाद बोलीत असलेली कादंबरी मात्र वेग खाते. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) वऱ्हाडी कानाला लगेच लागते, इतरांनी पहिली वीस पाने अर्ध्या वेगाने धरावीत.

टिंबांचे काय करायचे

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम लागू होईपर्यंत छापील मराठीत अनुच्चारित अनुस्वार द्यायची पद्धत होती. 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत', 'त्यांनीं' असे दिसले की नव्या वाचकाला प्रत्येक शब्द नाकातून वाचावासा वाटतो आणि तो दहा पानांत दमतो. ही टिंबे वाचायची नसतात, फक्त बघायची असतात. त्यांचा उपयोगही आहे. 'काम केलें' यातले टिंब नपुंसकलिंगी एकवचन दाखवते, 'लाडू केले' बिनटिंबाचे, म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन. 'ती' म्हणजे बाई, 'तीं' म्हणजे मुले किंवा झाडे. 'मी' म्हणजे कर्ता साधा, 'मीं' म्हणजे 'मी केले'मधला मी. एकदा हे ध्यानात आले की लांबलचक वाक्यात कोण कोणाला काय म्हणाले ते टिंबावरूनच सुटते. स्कॅनमध्ये टिंबे उडालेली प्रत का नको, ते यावरून कळेल.

१९३० आणि ४०च्या दशकांतल्या काही पुस्तकांत आणखी एक गंमत भेटते: 'अितिहास', 'अुपाय', 'अेक'. ती छापाची चूक नाही. सावरकरांनी पुरस्कारलेल्या लिपीसुधारणेतली ही 'अ'ची बाराखडी आहे. पाच पानांत डोळा बसतो.

नव्या शुद्धलेखनात छापलेली आवृत्ती मिळाली तर वेग वाढतो, पण नामपृष्ठ आणि त्यामागचे पान वाचून घ्या. 'संक्षिप्त', 'संपादित', 'कुमारांसाठी' यातला एकही शब्द दिसला तर ते पुस्तक खाली ठेवा. अशा आवृत्तीत नेमकी पात्रांची वादावादी आणि रेंगाळणारी वर्णने कापलेली असतात. केतकर किंवा वामन मल्हार यांच्यातून चर्चा काढली तर उरते काय?

अडलेल्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, हे दोन्ही इंटरनेटवर शोधता येतात. दिवसाला दहा शब्दांची मर्यादा घाला. बाकीचे संदर्भाने कळतात, न कळले तरी गोष्ट अडत नाही.

सालाची अट असेल तर

पुष्कळ उपक्रमांत 'अमुक दशकातली' किंवा 'अमुक सालातली' अशी अट असते. इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला, त्या काळच्या कित्येक कादंबऱ्या आधी मासिकात क्रमशः आल्या आणि मग पुस्तक झाल्या. 'मोचनगड' १८६७मध्ये निघालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'त क्रमशः येत होती, पुस्तक १८७१चे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' १८९०पासून 'करमणूक'मध्ये, पुस्तक १८९३चे. कोणते साल धरायचे ते सुरुवातीलाच ठरवा. पुस्तकाचे धरले की भांडण उरत नाही. क्रमशः लेखनाचा आणखी एक परिणाम: हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या आहेत, तेव्हा त्यांचे कमी प्रसिद्ध पुस्तक घेताना ते पूर्ण आहे ना, ते आधी बघावे.

दुसरा, नामपृष्ठावर नुसते शके असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शके १८५२ म्हणजे १९३०. फक्त जानेवारी ते गुढीपाडवा या तुकड्यात ७९ मिळवायचे. महिना दिलेला असेल तर बघा: माघ-फाल्गुन असेल तर पुढचे साल, पौष असेल तर तारीख पडताळा. आणि हातातली प्रत तिसऱ्या आवृत्तीची असेल तर तिच्यावरचे साल कादंबरीचे साल नव्हे.

पहिली पंधरा पाने

आता हातात दोन किंवा तीन पुस्तके उरली असतील. प्रत धड, पाने हिशोबात. आता आवड. प्रस्तावना वाचू नका. जुन्या प्रस्तावनाकारांना गोष्ट फोडण्यात संकोच नव्हता, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तर टीकाकारांना उत्तर देता देता सगळा शेवट सांगून होतो. सरळ पहिली पंधरा पाने वाचा, मग मधोमध उघडून एखादा दोघांचा संवाद वाचा.

पहिल्या पंधरा पानांचा कंटाळा गंभीर मानू नका. सूर्योदय, वाडा, वंशावळ हे त्या काळी दारातल्या रांगोळीसारखे होते, ओलांडून जायचे. मधल्या संवादाचा कंटाळा मात्र गंभीर. तिथे सासू, कारकून आणि कॉलेजातली मुलगी तिघेही लेखकाच्याच आवाजात भाषण करत असतील तर हे पुस्तक विस्मरणात गेले ते योग्यच, असे समजून पुढे जावे. याला अपवाद चर्चाप्रधान कादंबरीचा. वा. म. जोशींच्या 'रागिणी'मध्ये किंवा 'ब्राह्मणकन्या'मध्ये पात्रे वाद घालतात, कारण वाद हाच तिथला विषय. कसोटी अशी: दोन्ही बाजू सारख्याच जोरकस आहेत का? असतील तर वाचा. एक बाजू हरण्यासाठीच उभी केली असेल तर नको.

जातीबद्दल, बायकांबद्दल, परधर्मीयांबद्दल टोचणारी वाक्ये या पुस्तकांत येणार. ती लेखकाची आहेत की पात्राची, हे बघून नोंद करा. त्यासाठी पुस्तक टाकायचे की नाही ते पन्नास पानांनंतर ठरवा, पहिल्या वाक्याला नको. 'बळी'सारख्या पुस्तकाला थोडी पार्श्वभूमी लागते. तारेच्या कुंपणातली 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींची वसाहत हा तिचा विषय, आणि त्यांना तसे ठरवणारा कायदा रद्द झाला १९५२ साली, म्हणजे पुस्तक आल्यावर दोन वर्षांनी. एवढे माहीत असले की तीच पाने निराळी वाचली जातात.

नेहमीच्या फसगती

'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) कादंबरी म्हणून निवडली जाते. तो कथासंग्रह आहे. शिरूरकरांची कादंबरी हवी तर 'हिंदोळ्यावर' घ्या. मालेतला तिसरा भाग पहिला म्हणून उचलला जातो. नाथमाधवांच्या स्वराज्यमालेत हे सर्रास होते, तेव्हा 'स्वराज्याचा श्रीगणेशा'पासून सुरुवात करावी. सिनेमा आवडला म्हणून पुस्तक घेतले जाते: 'न पटणारी गोष्ट'वरून प्रभातने १९३७ साली 'कुंकू' काढला. पण सिनेमा डोळ्यांसमोर ठेवून वाचणाऱ्याला पुस्तकातला उपदेश खुपतो. आणि मुखपृष्ठावर 'स्वतंत्र सामाजिक कादंबरी' लिहिलेले पुस्तक स्वतंत्र असेलच असे नाही. रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांची रूपांतरे त्या काळी धडाक्यात चालत. रूपांतर वाईट असते असे नव्हे, पण सप्ताहाचा नियम 'मूळ मराठी' असा असेल तर आधी पाहून घ्यावे.

सुरू करण्याआधी जाड कागदाचे अर्धे पान घेऊन त्यावर पात्रांची नावे आणि नाती लिहायला जागा ठेवा. जुन्या कादंबरीत एकाच माणसाला तीन नावे असतात: भाऊसाहेब, विनायकराव आणि घरात दादा. हेच पान खूण म्हणूनही चालते.

आणि दुसरे पुस्तक हाताशी ठेवा, पहिल्याच्या निम्म्या पानांचे, तपासून घेतलेले. तिसऱ्या दिवसाच्या रात्री पाने मोजा. एक तृतीयांशाच्या अलीकडेच असाल तर पहिले पुस्तक मुकाट्याने बाजूला ठेवा आणि चौथ्या सकाळी दुसरे उघडा. खुणेचे पान मात्र पहिल्यातून काढू नका. ते पुस्तक परत करायच्या तारखेपर्यंत तुमचेच आहे.